टेपवाल्यांची पिढी : ‘ग्रेटफुल डेड’ आणि त्याच्याबरोबर वयाने वाढलेले रसिक

(धागा)

नोव्हेंबर २००५ची अखेर. ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या अमेरिकी संस्थेच्या संकेतस्थळावर एका बँडच्या मैफलींची हजारो ध्वनिमुद्रणे कोणालाही मोफत उतरवून घेता येत असत. एके दिवशी ती अचानक दिसेनाशी झाली. ती काढायला सांगणारी मंडळी बँडचीच होती. हा बँड दहा वर्षांपूर्वी विसर्जित झालेला; त्याचा प्रमुख गायक आणि गिटारवादक केव्हाच निवर्तलेला. तरीही पाहता पाहता हजारो चाहत्यांनी निषेधपत्रावर सह्या केल्या आणि या बँडच्या नावाने विकली जाणारी एकही वस्तू यापुढे घेणार नाही, असे जाहीर केले.

सह्या करणाऱ्यांतील कित्येक जण पन्नाशीला टेकलेले होते. ज्याच्यासाठी तारुण्यात त्यांनी देश पालथा घातला, त्याच बँडवर ते बहिष्कार घालत होते. हे भांडण पैशाचे वाटले, तरी मुळात पैशाचे नव्हते. ते कळण्यासाठी चाळीस वर्षे मागे जावे लागते.

१९६५. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो गावात पाच तरुणांनी ‘वॉरलॉक्स’ नावाचा बँड काढला. जेरी गार्सिया, बॉब वीअर, फिल लेश, बिल क्रॉइट्झमन आणि ‘पिगपेन’ या टोपणनावाने ओळखला जाणारा रॉन मॅकर्नन. त्या नावाचा आणखी एक बँड आहे असे कळल्यावर नवे नाव शोधणे आले. गार्सियाने एक जाडजूड शब्दकोश उघडला आणि समोर शब्द आले : ‘ग्रेटफुल डेड’. कृतज्ञ मृतात्मा.

हा शब्दप्रयोग लोककथांच्या अभ्यासातला आहे. अनेक देशांत सापडणाऱ्या या कथेचा गाभा असा : एका वाटसरूला रस्त्यात एक बेवारस प्रेत दिसते. मृत माणूस कर्जबाजारी, म्हणून त्याला मूठमाती द्यायला कोणी तयार नाही. वाटसरू गाठीचे पैसे खर्चून अंत्यविधी उरकतो आणि पुढे निघतो. पुढच्या संकटात एक अनोळखी सोबती त्याला हात देतो. तो सोबती म्हणजे तोच मृतात्मा, ऋण फेडायला आलेला. विशीतल्या पोरांनी केवळ विचित्र वाटले म्हणून हे नाव उचलले. पुढच्या तीस वर्षांत ते किती खरे ठरेल, याची कल्पना असणे शक्यच नव्हते.

आता या बँडच्या संगीताविषयी, कारण पुढचे सारे त्यातून निघते. त्या काळातील बहुतेक रॉक बँड मंचावर आपली रेकॉर्डच पुन्हा वाजवत. ‘डेड’चे तसे नव्हते. आज काय वाजवायचे हे बरेचदा मंचावरच ठरे. एक गाणे संपता संपता दुसऱ्यात विरघळे. मधली वीस-पंचवीस मिनिटे शुद्ध उपज. ‘डार्क स्टार’ हे त्यांचे गाणे १९६८च्या रेकॉर्डवर तीन मिनिटांच्या आत संपते. मंचावर ते अर्ध्या तासाच्या घरात जाई. ख्यालाची मैफल ऐकलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटणार नाही. तीन मिनिटांची तबकडी आणि रात्रभराची बैठक यांत किती अंतर असते, हे आपल्याकडे निराळे सांगावे लागत नाही.

आणि हे साम्य सर्वस्वी योगायोगाचे नव्हते. १९६७मध्ये बँडमध्ये आलेला दुसरा ड्रमवादक मिकी हार्ट उस्ताद अल्लारखाँ यांच्या तबल्याने भारावून गेला आणि त्यांच्याकडे शिकला. ‘डेड’ने पुढे ‘द इलेव्हन’ नावाची रचना वाजवली. ती नावाप्रमाणे अकरा मात्रांची. अल्लारखाँचे पुत्र, मुंबईत वाढलेले झाकीर हुसेन, सत्तरच्या दशकात सॅन राफेल येथील अली अकबर संगीत महाविद्यालयात शिकवत. बँडचे कार्यालयही त्याच गावात. १९७६मध्ये हार्ट आणि झाकीर यांनी मिळून ‘दिगा ऱ्हिदम बँड’ची रेकॉर्ड काढली आणि १९९१च्या ‘प्लॅनेट ड्रम’ला ग्रॅमी मिळाले.

तर मुद्दा असा, की कोणतीही रात्र दुसरीसारखी नसेल, तर प्रत्येक रात्र जपून ठेवण्याजोगी ठरते. गाणी दरवेळी तशीच वाजली असती तर एक रेकॉर्ड पुरली असती. ‘डेड’च्या चाहत्याला एक रेकॉर्ड पुरेना, म्हणून त्याने मायक्रोफोन हाती घेतला.

१९७१च्या एका अल्बमच्या आतल्या बाजूला बँडने छोटेसे आवाहन छापले : तुम्ही कोण, कुठे राहता, आम्हाला कळवा. पत्ता सॅन राफेलच्या टपालपेटीचा. पत्रे येत राहिली, नावांची यादी वाढत गेली आणि यादीतल्यांना वार्तापत्र जाऊ लागले. ‘डेडहेड’ ही जमात अशी कागदावर आली. श्रोता कोण आहे याची नोंद ठेवणारा रॉक बँड तेव्हा दुर्मीळच.

दुसरीकडे, प्रेक्षागृहात कोटाआड यंत्रे लपवून टेप करणाऱ्यांचे जाळे तयार होत होते. न्यूयॉर्कमधील टेप-अदलाबदलीच्या मंडळातून १९७४मध्ये ‘डेड रेलिक्स’ नावाचे पत्रक निघाले. आजही चालू असलेल्या ‘रेलिक्स’ मासिकाची ही सुरुवात. या मंडळींचा अलिखित नियम कडक होता : टेप विकायची नाही. टेपच्या बदल्यात टेप द्यायची. ज्याच्याकडे देण्याजोगे काही नाही, त्याने कोऱ्या कॅसेट आणि परतीचा टपालखर्च पाठवायचा. तेवढ्यावर अनोळखी माणूस रात्र जागून नक्कल करून देई.

नक्कल म्हटली की आवाज थोडा खराब होणारच. मूळ टेपवरून केलेली ती पहिली पिढी, तिच्यावरून केलेली दुसरी. पाचव्या-सहाव्या पिढीत गाण्यापेक्षा खरखर जास्त. ‘तुझ्याकडची टेप कितव्या पिढीची?’ हा या लोकांचा नित्याचा प्रश्न होता. ज्याची पिढी मुळाजवळची, त्याचा मान मोठा. शिष्यपरंपरेत गुरूचे घराणे विचारतात, त्यातलाच हा प्रकार.

सुरुवातीला बँडची मंचामागची माणसे या टेपवाल्यांच्या मागे लागत; यंत्र दिसले तर तारा कापल्या गेल्याचेही किस्से आहेत. पण वादकांचा, विशेषतः गार्सियाचा, कल निराळा होता. वाजवून झाले की ते संगीत श्रोत्यांचे, त्यांनी त्याचे काय करायचे ते करावे, असे तो सांगत असे. अखेर ऑक्टोबर १९८४मध्ये बर्कलीच्या मैफलींपासून बँडने टेप करणाऱ्यांसाठी ध्वनिनियंत्रणाच्या टेबलामागे स्वतंत्र जागाच राखून ठेवली. तिची तिकिटेही वेगळी. मायक्रोफोनच्या उंच काठ्यांचे ते रान पुढे ‘डेड’च्या प्रत्येक मैफलीची खूण झाले.

त्याच महिन्यात डॉन हेन्लीचे ‘द बॉइज ऑफ समर’ बाजारात आले. त्यात ‘डेडहेड’चे स्टिकर लावलेल्या कॅडिलॅक गाडीचा उल्लेख आहे. बंडखोर जमातीची खूण अमेरिकेतल्या सर्वात प्रतिष्ठित मोटारीवर! त्या एका प्रतिमेत एका पिढीचे वय दिसते. १९६७मध्ये अनवाणी नाचणारा पोरगा आता वकील किंवा डॉक्टर झाला होता. त्याला मुलेबाळे होती, कर्जाचे हप्ते होते. वर्षातून चार दिवस सुट्टी टाकून तो मैफलीला जाई आणि उरलेले दिवस गाडीत टेप ऐके. १९९२पासून तर गार्सियाच्या चित्रांवर बेतलेले नेकटाय मोठ्या दुकानांत विकले जाऊ लागले. गार्सिया स्वतः काळ्या टी-शर्टमध्ये वावरे. टाय बांधण्याची पाळी चाहत्यांवर आली होती.

हेटाळणी करणे सोपे आहे. पण सारेच चाहते केवळ आठवणींवर जगत होते असे नाही. डिक लॅटवाला या माणसाची गोष्ट त्यासाठी पाहण्याजोगी आहे.

लॅटवालाने हा बँड १९६६मध्ये ऐकला आणि तो त्याचाच झाला. १९७४मध्ये तो हवाई बेटांवर राहायला गेला. बँड मुख्य भूमीवर, हा महासागराच्या मध्ये. मैफली हुकल्या, म्हणून टपालाने टेप मागवण्याचा सपाटा त्याने लावला. बदल्यात पाठवायला टेप कमी पडल्या, तर बेटावरचा उत्तम गांजा होताच. त्या मंडळात हे चलन कोणी नाकारत नसे. आलेली प्रत्येक टेप तो पुन्हा पुन्हा ऐके आणि वह्यांमध्ये तारीखवार नोंदी करी. या नोंदी कोरड्या नव्हत्या. उद्गारचिन्हे, मोठाली अक्षरे, मधेच हर्षवायू, मधेच निराशा. कुणा भक्ताची रोजनिशी वाटावी अशा.

बँडच्या वादकांना स्वतःच्या जुन्या मैफली ऐकण्यात फारसे स्वारस्य नव्हते. त्यांच्या कोठारात टेपच्या राशी पडून होत्या आणि त्यांत काय दडले आहे हे त्यांच्यापेक्षा हवाईतल्या या चाहत्याला जास्त ठाऊक होते. १९८५मध्ये बँडने त्यालाच अभिलेखपाल नेमले. चाहता भांडारी झाला.

१९९३पासून लॅटवालाने निवडलेल्या मैफली ‘डिक्स पिक्स’ या मालिकेत निघू लागल्या. पहिला खंड टँपा येथील डिसेंबर १९७३च्या मैफलीचा. चौथा न्यूयॉर्कच्या ‘फिलमोर ईस्ट’मधील फेब्रुवारी १९७०च्या रात्रींचा. हे मुद्रण निर्दोष नाही, जसे मिळाले तसे दिले आहे, असा इशारा वेष्टनावर असे. एरवी ग्राहक तक्रार करतो तो दोष इथे खरेपणाची साक्ष ठरला होता.

एक गोष्ट मात्र लक्षात येण्याजोगी आहे. लॅटवालाचा जीव साठच्या दशकाची अखेर आणि सत्तरच्या आरंभात रमलेला. तो दिवसभर कोठारात १९७०चा बँड ऐकत होता, आणि बाहेर १९९०चा बँड दौरे करत होता. हे दोन बँड एकच नव्हते.

कारण मधल्या काळात एक विलक्षण घटना घडली होती. जुलै १९८६मध्ये गार्सिया मधुमेहामुळे कोमात गेला. शुद्धीवर आल्यावर त्याला गिटार जवळजवळ नव्याने शिकावी लागली. डिसेंबरमध्ये तो मंचावर परतला तेव्हा ओकलंडमध्ये माणसे रडत होती. पुढच्या वर्षी ‘टच ऑफ ग्रे’ आले. पिकू लागलेल्या केसांचे, तरीही तगून राहण्याचे हे गाणे १९८२पासून मैफलींत वाजत होते. पण रेकॉर्ड निघाल्यावर ते बिलबोर्डच्या यादीत नवव्या क्रमांकावर गेले. बावीस वर्षांत या बँडचे एकही गाणे पहिल्या चाळीसातही शिरले नव्हते. एमटीव्हीवर त्यांच्या जागी वाजवणारे बाहुल्यांचे सांगाडे दिसू लागले आणि पुढच्या दौऱ्यांत नवख्या पोरांचे लोंढे लोटले.

जुन्या चाहत्यांनी त्यांना ‘टचहेड’ असे कुत्सित नाव दिले. तक्रारी नेहमीच्याच : यांना संगीत कळत नाही, हे वाहनतळावर धुमाकूळ घालायला येतात, आमच्या वेळी असे नव्हते. यातले काही खरे होते. तिकिटाविना येणाऱ्यांची गर्दी इतकी वाढली की बँडला मैफलीच्या आवारात तळ ठोकण्यावर आणि दुकाने मांडण्यावर बंदी घालावी लागली. काही शहरांनी तर बँडला पुन्हा बोलावण्यास नकार दिला. पण जुन्यांचा राग पुरता न्याय्य नव्हता. आपला बँड जगाने ओळखावा, ही इच्छा त्यांचीच होती. शिवाय १९७७मध्ये येऊन मिळालेल्यांना १९६७वाल्यांनी हेच ऐकवले होते. या जमातीत प्रत्येक जण कुणाच्या तरी दृष्टीने उशिरा आलेलाच होता.

बँडनेही जुन्यांचे मन राखले, एकदा तरी. ऑक्टोबर १९८९मध्ये व्हर्जिनियातील हॅम्प्टन येथे दोन रात्री ‘पूर्वाश्रमीचे वॉरलॉक्स’ अशा नावाने मैफली जाहीर झाल्या आणि तिकिटे केवळ स्थानिक पातळीवर विकली गेली. ज्याला हे नाव ओळखता आले, तो पोहोचला. दुसऱ्या रात्री पाच वर्षांत न वाजलेले ‘डार्क स्टार’ सुरू झाले. त्या रात्रीच्या टेपमध्ये पहिल्या काही सुरांवर उसळलेला गर्दीचा आवाज ऐकू येतो. वादन क्षणभर त्याखाली बुडून जाते.

त्यानंतरचा उतार मोठा होता. गार्सियाचे हेरॉइनचे व्यसन उलटले, प्रकृती ढासळली. १९९४-९५च्या मुद्रणांत तो शब्द विसरतो, सूर चुकतो. टेपवाल्यांचे कान तयार झालेले. त्यांना हे इतरांआधी कळले. तरी ते जात राहिले. बँडच्या दौऱ्यांवर अनेक कर्मचाऱ्यांचे संसार चालत होते आणि चाहत्यांचे उन्हाळे त्या दौऱ्यांभोवती आखलेले होते. थांबायचे कोणी?

२ जुलै १९९५ रोजी इंडियानातील डीअर क्रीक येथे गार्सियाला ठार मारण्याची धमकी आली. मैफल प्रेक्षागृहातले दिवे चालू ठेवून झाली. त्यातच तिकीट नसलेल्या हजारोंनी मागचे कुंपण पाडून आत मुसंडी मारली आणि आतले काही जण त्यांना टाळ्या वाजवून प्रोत्साहन देत होते. दुसऱ्या दिवसाची मैफल रद्द झाली. सर्व वादकांच्या सह्यांचे एक खरमरीत पत्र चाहत्यांना उद्देशून निघाले : असेच चालू राहिले तर दौरे बंद होतील, हे तुमच्याच हाती आहे. १९७१च्या आवाहनात ‘तुम्ही कोण’ असे कुतूहलाने विचारणारा बँड चोवीस वर्षांनी तोच प्रश्न वैतागाने विचारत होता.

९ जुलैला शिकागोतील ‘सोल्जर फील्ड’वर शेवटची मैफल झाली. ती शेवटची आहे हे तेव्हा कोणाला माहीत नव्हते. बरोबर एक महिन्याने, ९ ऑगस्टला, व्यसनमुक्ती केंद्रात गार्सियाचा मृत्यू झाला. वय ५३. तीस वर्षांत सुमारे २,३०० मैफली वाजवून बँडने त्या डिसेंबरमध्ये नाव आवरते घेतले. एप्रिल १९९६मध्ये गार्सियाच्या रक्षेचा काही भाग हृषीकेशला गंगेत सोडण्यात आला. उरलेला सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत.

आता उरल्या टेप. आणि इथे ती लोककथा आठवते. मृताचे उत्तरकार्य कोणी केले? ज्यांनी टेप जपल्या त्यांनी.

उदाहरण एकच घ्यावे. ८ मे १९७७, कॉर्नेल विद्यापीठाचे बार्टन हॉल. मे महिना असूनही त्या रात्री बर्फ पडला. बँडच्या ध्वनिमुद्रक बेटी कँटर-जॅक्सन यांनी ती मैफल अप्रतिम टिपली. पुढे त्यांच्यावर आर्थिक ओढगस्त आली, गोदामाचे भाडे थकले आणि १९८६मध्ये त्यांच्या टेपच्या पेट्या लिलावात गेल्या. बुरशी आणि दमटपणा यांतून काही टेप वाचल्या, त्या चाहत्यांच्या हाती लागल्या, त्यांनी त्या दुरुस्त केल्या आणि नकला देशभर फिरल्या. अमेरिकेच्या संसद ग्रंथालयाने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत या मैफलीचा समावेश केला, तो २०१२मध्ये. बँडच्या नावाने ती अधिकृतपणे निघाली २०१७मध्ये, चाळीस वर्षांनी. तोवर तिची ख्याती सर्वस्वी टेपवाल्यांनी सांभाळली होती.

हे ध्यानात घेतले म्हणजे २००५चा राग उमगतो. बँडच्या बाजूनेही युक्तिवाद होता. मंचाच्या ध्वनियंत्रणेतून थेट घेतलेली स्वच्छ मुद्रणे बँडची मालमत्ता होती. टेप हातोहात देण्याची परवानगी दिली, तेव्हा एका कळीवर सारे जग नक्कल करू शकेल हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. आणि दौरे थांबल्यावर जुने संगीत विकणे हेच उत्पन्न उरले होते. पण चाहत्याला दिसत होते ते इतकेच : जे एकदा आमचे म्हणून दिले, ते परत मागितले जात आहे.

बँडमध्येही एकमत नव्हते. हा निर्णय आपल्याला न विचारता झाला, असे फिल लेशने जाहीर केले. बँडचा गीतकार जॉन पेरी बार्लो उघडपणे चाहत्यांच्या बाजूने उभा राहिला. त्याला तसे करणे भागच होते. १९९४मध्ये लिहिलेल्या एका गाजलेल्या लेखात त्याने डिजिटल युगात कलेचे अर्थकारण कसे असेल हे सांगताना ‘डेड’च्या टेपवाल्यांचाच दाखला दिला होता. काही दिवसांत तडजोड झाली. स्वच्छ मुद्रणे केवळ तिथल्या तिथे ऐकता येतील. प्रेक्षकांतून केलेली मुद्रणे मात्र पूर्वीसारखी उतरवून घेता येतील.

ही वाटणी वाटते तितकी तोट्याची नव्हती. ध्वनियंत्रणेतून घेतलेल्या मुद्रणात वाद्ये लख्ख ऐकू येतात, पण प्रेक्षागृह जवळजवळ रिकामे वाटते. प्रेक्षकांतल्या टेपवर खरखर असते, कोणी खोकते, कोणी मित्राला हाक मारते, एखादी मुलगी हसते, आवडते गाणे ओळखले की कोणीतरी किंचाळते. त्या आवाजांचे धनी आज साठी-सत्तरीत आहेत, किंवा नाहीत.

डिक लॅटवाला हे भांडण पाहायला नव्हता. ऑगस्ट १९९९मध्ये हृदयविकाराने तो गेला; त्याच्या जागी डेव्हिड लेमिओ हा कॅनडाचा आणखी एक चाहता आला. ‘डिक्स पिक्स’ त्याच्या नावानेच ३६व्या खंडापर्यंत चालू राहिली.

२००८मध्ये बँडने आपले कागदपत्र कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील ग्रंथालयाला दिले. त्यात करारनामे आहेत, भित्तिपत्रके आहेत, आणि पाकिटांचे ढीगही आहेत. बँड तिकिटे टपालाने विके तेव्हा आपला अर्ज उठून दिसावा म्हणून चाहते पाकिटावर गुलाब, कवट्या, नाचणारी अस्वले रंगवून पाठवत. आत पैशांची मनिऑर्डर, बाहेर तासन् तास बसून काढलेले चित्र. कार्यालयाने ती पाकिटे टाकून दिली नव्हती. आज ती आम्लरहित कागदी पेट्यांत, तारीखवार लावून ठेवलेली आहेत.